वैद्यकीय कारण

“मॅडम, पण एखाद्याने खोटंच सांगितलं तर?”

प्रश्न शेवटच्या बाकावरून आला. टेबलावर एक कात्री, एक फुलदाणी, पत्त्यांचा कॅट, बंद पडलेलं घड्याळ आणि कुणाच्या तरी मावशीने भेट दिलेला भडक जांभळा मफलर अशा वस्तू मांडल्या होत्या. प्रत्येकाने घरून स्वतःला नको असलेली एक वस्तू आणायची आणि फळ्यावरच्या नियमाने ती दुसऱ्याच्या वस्तूशी बदलून घ्यायची, हा बाईंचा दरवर्षीचा खेळ. मफलर अजून तरी कुणाच्या गळ्यात पडला नव्हता.

“खोटं बोलून फायदा होत असेल तर लोक बोलणारच,” बाई म्हणाल्या. “मग चूक नियमाची. माणसाला नावं ठेवायची नाहीत. नियम असा करायचा की खरं बोलणाऱ्याचं कधी नुकसान होऊ नये.”

“आणि तरीही बोललाच तर?”

“तर त्याच्यापुढे मी हात टेकले.”

वर्ग हसला. तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. बाई वर्गात कधीही फोन घेत नसत; त्या दिवशी त्यांनी नाव पाहिलं, खडू ठेवला आणि फोन कानाला लावून व्हरांड्यात गेल्या. मुलं एकमेकांकडे बघत राहिली.

“मॅडम, तुमच्यासाठी जोडी मिळालीय,” इस्पितळातली समन्वयक सांगत होती. “तपासण्या व्हायच्यात अजून, पण मिळालीय.”

बाईंनी उघड्या दारातून फळ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “मी वर्गात आहे. तास संपला की येते,” आणि परत येऊन त्यांनी राहिलेली अदलाबदल पुरी केली. मफलर त्यांनी स्वतःच घेतला.

बाई कॉम्प्युटर शिकवायच्या, पण त्यांचं संशोधन जरा आडवाटेचं होतं. जिथे पैसे देऊन-घेऊन चालत नाही, तिथे कुणाला काय द्यायचं हे कसं ठरवावं, याचे नियम त्या बसवत. शाळांमधल्या जागा, वसतिगृहातल्या खोल्या, आणि गेली कितीतरी वर्षं किडन्या. एखाद्या बाईला आपल्या नवऱ्याला किडनी द्यायची आहे पण रक्तगट जुळत नाही. दुसऱ्या गावात एका भावाचं बहिणीच्या बाबतीत तसंच झालंय. मग या बाईची किडनी त्या बहिणीला आणि त्या भावाची या नवऱ्याला. दोन जोड्या असल्या तर हे कुणीही सांगेल. शेकडो असल्या की डोकं चालेनासं होतं, आणि तिथे बाईंचा प्रोग्रॅम कामाला येई. नणंद म्हणायची, “आमची वहिनी लोकांच्या किडन्या जुळवते, लग्नं जुळवावीत तशी. आणि वर हुंडा बंद.”

हे सगळं करताना आपलं घर त्या यादीत जाईल असं बाईंच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांचा नवरा पोहायला शिकवायचा. गल्लीतली, पलीकडच्या गल्लीतली, अर्ध्या शहरातली मुलं त्याच्या हाताखालून गेली होती, आणि लहानथोर सगळे त्याला कोच म्हणत. उभा आडवा धिप्पाड माणूस. पन्नाशी ओलांडल्यावर एका वर्षात त्याच्या दोन्ही किडन्यांनी काम सोडलं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, छातीत बसवलेली नळी, आणि पाणी मोजून. नळीमुळे तलावात उतरायची बंदी झाली, तरी तो काठावर खुर्ची टाकून बसे आणि शिट्टी वाजवून मुलांना शिकवे. “ज्याने जन्म पाण्यात काढला त्याला प्यायला पेलाभर पाणी,” तो म्हणायचा. “वरच्याकडे विनोदबुद्धी आहे हो.”

बाईंना त्याला आपली किडनी द्यायची होती, पण रक्तगट जुळला नाही; म्हणून दोघांची जोडी यादीत गेली, आणि त्याच दिवशी बाईंनी प्रोग्रॅमचं काम एका सहकाऱ्याच्या हवाली केलं आणि अदलाबदलीचे नियम ठरवणाऱ्या समितीला कळवलं की आपल्या नवऱ्याचा निकाल लागेपर्यंत आपण बैठकांना येणार नाही. कुणी तसं सांगितलं नव्हतं. सांगावं लागू नये म्हणून त्या आधीच बाजूला झाल्या.

तपासण्या झाल्या. सगळं जुळलं. शेवटची पायरी उरली होती ती एका लहानशा खोलीत बसायची.

ही खोलीही बाईंचीच कल्पना. देणाऱ्याला एकट्याला आत बोलवायचं. समोर अशी डॉक्टर, जिचा ऑपरेशनशी काही संबंध नाही. तिने विचारायचं: कुणाचा दबाव आहे का, मनापासून देताय का. आणि मग सांगायचं की आत्ताच काय, ऑपरेशनच्या टेबलावर जाईपर्यंत केव्हाही नाही म्हणता येईल. कारण द्यायची गरज नाही. बाहेर सगळ्यांना, तुमच्या घरच्यांनाही, आम्ही एवढंच सांगू की वैद्यकीय कारणामुळे जमलं नाही. हे वाक्य बाईंनी एका दुपारी, समोर कॉफी घेऊन लिहिलं होतं. तेव्हा त्यांना ते फार व्यवस्थित वाटलं होतं.

“केव्हाही नाही म्हणता येईल,” डॉक्टरीण सांगत होती. “कारण द्यायची गरज नाही.”

 आपलंच वाक्य, पाठ असलेलं, आणि ते ऐकताना बाईंचे हात गार पडले. त्यांना दूर राहणारी मुलगी आठवली नाही, नवरा आठवला नाही, आकडे तर नाहीच नाही. फक्त आपलं पोट, त्यावरून जाणारी सुरी, आणि डाव्या हाताला असलेलं दार दिसलं. ‘नाही’ हा शब्द ओठांपर्यंत येऊन उभा राहिला. किती सोपं होतं. कोच म्हणाला असता, जाऊ दे गं, तुला काही झालं नाही ना, तेवढं पुष्कळ.

डॉक्टरीण घाई करत नव्हती. तिने पेनाला टोपण लावून ते बाजूला ठेवलं.

“देणार आहे,” शेवटी बाई म्हणाल्या.

बाहेर कोच बाकावर बसला होता. “काय विचारलं?” त्याने विचारलं.

“नेहमीचंच.”

“बराच वेळ लागला नेहमीच्याला.”

“डॉक्टर बोलघेवडी होती,” बाई म्हणाल्या.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दोघं इस्पितळात दाखल झाली. शेजारशेजारच्या खोल्या. दुसरी जोडी दुसऱ्या गावी, दुसऱ्या इस्पितळात. ती कोण हे यांना माहीत नाही, आणि हे कोण ते त्यांना. चारही माणसांना एकाच वेळी टेबलावर घ्यायचं, म्हणजे एकाचं काम झाल्यावर दुसऱ्याने पाठ फिरवायची भानगड नको, हाही बाईंच्याच नियमातला भाग. नणंद घरून उशी घेऊन आली होती, कारण इस्पितळाच्या उशीवर आपल्या भावाला झोप लागत नाही असं तिचं ठाम मत होतं. संध्याकाळचा चहा येऊन गेला आणि दारात समन्वयक उभी राहिली.

तिने आत येऊन दार लावलं. बाईंना तेवढ्यानेच कळलं.

“उद्याचं होणार नाही,” ती म्हणाली. “समोरच्या देणाऱ्याच्या बाबतीत वैद्यकीय कारण निघालंय. तुमची जोडी पुन्हा यादीत जाईल, रांगेतली जागा तीच राहील. मला फार वाईट वाटतंय.”

नणंद उशी छातीशी धरून उभी राहिली. मग कोचने विचारलं, “त्याला काही गंभीर तर नाही ना?”

“नाही, नाही. तशी काळजी नाही.”

“मग बरंय,” कोच म्हणाला आणि नणंदेकडे वळला. “ती उशी आण इकडे. आता पैसे भरलेत तर रात्रभर झोपून तरी घेतो.”

बाई समन्वयकेच्या मागोमाग बाहेर आल्या. व्हरांड्याच्या टोकाला, औषधांच्या ढकलगाडीपाशी त्यांनी तिला गाठलं. आयुष्यात जे करायचं नाही असं त्यांनी दुसऱ्यांना बजावलं होतं, ते त्या करणार होत्या आणि ते त्यांना कळत होतं.

“खरं काय झालं?”

“वैद्यकीय कारण, मॅडम.”

“मला सांग. मी कुणाला बोलणार नाही. त्याच्यात खरंच काही निघालं, की तो नाही म्हणाला?”

“वैद्यकीय कारण,” ती पुन्हा म्हणाली, त्याच आवाजात. मग तिने बाईंचा हात धरला. “तुम्हीच आम्हाला बसवून शिकवलं होतं. हे सांगताना अडखळायचं नाही, नजर खाली घालायची नाही. आत्ता मी अडखळले का?”

“नाही.”

“मग झालं तर.”

बाई तिथेच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. साऱ्या इस्पितळात ते दोन शब्द ऐकून ज्याचं समाधान होणार नव्हतं असं एकच माणूस होतं, आणि ते आपण आहोत. या दोन शब्दांमागे दोन गोष्टी असू शकतात आणि त्या वेगळ्या ओळखता येऊ नयेत म्हणून आपणच तर खपलो होतो.

पुढचे महिने तसेच गेले. डायलिसिस, पेलाभर पाणी, तलावाच्या काठावरची खुर्ची. फोन वाजला की बाईंचा हात आधी जाई आणि मन मागून. नणंद मात्र गप्प बसणारी नव्हती. “वैद्यकीय कसलं डोंबल्याचं,” ती एकदा स्वयंपाकघरात म्हणाली. “ऐन वेळी पाय लटपटले असतील. वहिनी, तू एवढी त्यातली, तुला काढता येत नाही तो भागूबाई कोण होता ते?”

“येत नाही,” बाई म्हणाल्या. “येत असतं तरी काढलं नसतं.”

“मी काढलं असतं. आणि त्याच्या दारात जाऊन बसले असते.”

“म्हणूनच काढता येत नाही,” बाई म्हणाल्या, आणि नणंद जरा वेळाने स्वतःच हसली. रागीट होती, पण मनाने वाईट नव्हती.

एका दुपारी बाई डायलिसिसच्या खोलीत कोचजवळ बसून पेपर तपासत होत्या. यंत्राचा मंद, एकसुरी आवाज चालू होता. पलीकडच्या पलंगावरचे आजोबा घोरत होते. कोच छताकडे बघत म्हणाला, “तो घाबरला असेल ना?”

“कोण?”

“तोच आपला. किडनीवाला.”

बाईंनी पेपर मांडीवर ठेवला. “तुला कुणी काय सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? ती बाई दार लावून आत आली आणि तुझा चेहरा उतरला तो तिने तोंड उघडायच्या आधी. मग तू तिच्या मागे धावलीस. आजारी माणसाच्या चौकशीला कुणी तसं धावत नाही.” त्याने मान त्यांच्याकडे वळवली. “तुला त्रास होईल म्हणून बोललो नाही.”

“मीही तेवढ्यासाठीच बोलले नाही.”

“म्हणजे आपण दोघंही मूग गिळून बसलो होतो. छान.”

बाईंनी मग त्याला त्या खोलीतलं सांगितलं. हात कसे गार पडले, दार कसं दिसत होतं, शब्द कसा ओठांवर येऊन थांबला होता. सांगताना त्या पेपरांची कड सरळ करत राहिल्या.

“मग म्हणाली का नाहीस?” त्याने विचारलं.

“माहीत नाही. खरंच माहीत नाही. तो कसा नाही म्हणाला हे मला कळतं, पण मी हो कसं म्हणाले ते मला सांगता येत नाही.”

“म्हणून राग येत नाही तुला त्याचा.”

“येतो की. पहाटे उठले की येतो. पण राग आला तरी त्याला पकडून आणावंसं वाटत नाही.”

कोचने मोकळा हात त्यांच्या हातावर ठेवला. “मलाही नाही वाटत,” तो म्हणाला. “पकडून आणलेल्याची किडनी माझ्या पोटात रुसून बसली असती.”

थंडी सुरू झाली आणि कोचच्या छातीतल्या नळीशी संसर्ग झाला. पहिल्यांदा ताप आला तेव्हा तो चेष्टा करत होता. दुसऱ्या आठवड्यात त्याने चेष्टा करणं सोडलं. तिसऱ्यात तो गेला, सकाळी, बाई त्याचे ओठ ओल्या कापसाने पुसत असताना. त्या बराच वेळ पुसतच राहिल्या; नर्सने हलकेच कापूस काढून घेतला. नणंद रडली, मुलगी दूरवरून आली, रडली, राहिली आणि गेली. बाई पंधरवड्याने वर्गावर गेल्या आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे शिकवू लागल्या.

त्यानंतर समितीचं बोलावणं आलं. आता त्यांना बाहेर राहायचं काही कारण उरलं नव्हतं.

बैठक इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर होती. विषय एकच: ऐन वेळी माघार घेणारे देणारे. विषय मांडणारे सर्जन वयाने बाईंच्या बरोबरीचे, कामाला वाघ, आणि मनाने सरळ. त्यांच्याकडे आकडे होते. बाईंच्या सहकाऱ्यानेच ते काढून दिले होते.

“ज्याचा देणारा माघार घेईल त्या जोडीला रांगेत मागे टाकायचं,” सर्जन म्हणाले. “बस, एवढंच. दंड नाही, कोर्टकचेरी नाही. एवढ्यानेसुद्धा माघारी निम्म्यावर येतात. वर्षाला कितीतरी माणसं वाचतील.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “हे बाईंपुढे बोलताना मला अवघड वाटतंय. पण याचं दुःख त्यांच्याइतकं इथे कुणाला ठाऊक असणार?”

सगळ्यांच्या नजरा बाईंकडे वळल्या. त्या हो म्हणतील यात कुणाला शंका नव्हती. खरं सांगायचं तर जिना चढताना त्यांना स्वतःलाही नव्हती.

“गणित बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. “मी तपासलंय. पण एक सांगा. एका घरात बहीण आजारी आहे, भाऊ देणार आहे. भाऊ खोलीत नाही म्हणाला. आपण घरी सांगितलं, वैद्यकीय कारण. आणि त्याच आठवड्यात बहीण रांगेत मागे गेली. घरच्यांना काय कळेल?”

सर्जन हातातल्या आकड्यांच्या कागदाकडे बघत राहिले.

“रांगेत मागे टाकणं म्हणजे त्या घराच्या दारावर पाटी लावणं. मग भाऊ नाही म्हणणारच नाही. म्हणूनच तर माघारी कमी होतात. लोक धीट होतात म्हणून नाही. त्यांना नाही म्हणायची सोय राहत नाही म्हणून.”

“तरी माणसं वाचतात,” सर्जन म्हणाले. त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. “जे वाट बघत मरतात त्यांना मी काय सांगू?”

बाईंनी समोरचा पाण्याचा पेला थोडा सरकवला.

“त्याचं उत्तर माझ्याकडे नाही,” त्या म्हणाल्या. “असतं तर मी माझ्या घरी वापरलं असतं. पण त्या खोलीत मी बसलेय. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडून आपण घेतो तेव्हा ते देणं राहत नाही. मला हे आकड्यांत मांडता येत नाही. तरी माझं मत नियम आहे तसा ठेवावा असं आहे.”

मतं घेतली. नियम राहिला, पण जेमतेम. जिन्यात सर्जन त्यांच्याबरोबर आले. “तुम्ही माझ्या बाजूने बोलाल असं वाटलं होतं,” ते म्हणाले.

“मलाही वाटलं होतं,” बाई म्हणाल्या.

सर्जननी मान हलवली आणि ते आपल्या वॉर्डाकडे वळले.

बाई खालच्या मजल्यावर आल्या. व्हरांड्यातल्या पहिल्या रिकाम्या खुर्चीवर त्या टेकल्या. शेजारी एक बाई बसली होती, तिशी-पस्तिशीची, मांडीवर मोठी कापडी पिशवी, तिचे बंद बोटाला गुंडाळत आणि सोडत. समोरच्या भिंतीवर काही नव्हतं तरी ती तिकडेच बघत होती.

“तुम्ही पण देणाऱ्या का?” तिने एकदम विचारलं.

“होते,” बाई म्हणाल्या.

तिला त्यातलं ‘होते’ ऐकू गेलं नसावं. “माझ्या दिराला द्यायचीय. माझी त्याला चालत नाही, पण ते अदलाबदल करतात म्हणे. आत्ता बोलावतील आत, एकटीलाच.” तिने पिशवीचा बंद पुन्हा बोटाला गुंडाळला. “भीती वाटते का हो?”

बाईंना वाटलं, इथे काहीतरी धीराचं बोलावं. “वाटते,” त्या म्हणाल्या. “खूप वाटते.”

त्या बाईने इतक्या वेळात पहिल्यांदाच मान वळवून त्यांच्याकडे नीट पाहिलं. खांदे थोडे खाली आले. “घरी सगळे म्हणतात, घाबरायचं काय त्यात,” ती म्हणाली.

दार उघडलं. आतून तिला हाक आली. ती उठली, पुन्हा बसली, मग पिशवीकडे बघून म्हणाली, “ही जरा बघाल का? आत घेऊन जायला कसंतरी वाटतं.”

“द्या इकडे,” बाई म्हणाल्या. “सावकाश या. मला कुठे जायचं नाही.”

दार लागलं. पिशवी जड होती. वरून एका लहान मुलाच्या स्वेटरची बाही बाहेर आली होती. बाईंनी ती आत सरकवली आणि पिशवी पडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरली. व्हरांड्यातून माणसं येत-जात होती. एकाने विचारलं, इथे कुणी बसलंय का, तर त्यांनी शेजारच्या खुर्चीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “हो, बसलंय.”